समोच्चारी इंग्रजी शब्द आणि आपले श्रुतलेखन

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत शाळाभेटीच्या निमित्ताने हिंडणाऱ्या अधिकाऱ्यास नवखेपणी एक अनुभव हमखास येतो. ‘उद्या पारगावच्या शाळेत जावयाचे आहे’, असे त्याने कोणास सांगितले, की समोरचा मनुष्य लगेच विचारतो, ‘कोणत्या पारगावला?’ प्रश्न रास्तच असतो. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, तसे पारगाव तर्फे मढही आहे. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे आणि पारगाव तर्फे खेडही आहे. दौंड तालुक्यात गेल्यास तेथेही एक पारगाव भेटते. कानाला ही सर्व गावे एकच. कागदावर मात्र ‘तर्फे’ लावल्यावाचून टपाल योग्य ठिकाणी पोहोचेल याची शाश्वती नाही. तर्फ हा जुन्या महसुली व्यवस्थेतील एक विभाग होता. ती व्यवस्था कधीच मोडली; परंतु तो शब्द नावाला चिकटून राहिला आणि आजही एका पारगावास दुसऱ्यापासून वेगळे ठेवण्याचे काम करीत आहे.

गावातल्या माणसास मात्र बोलताना या ‘तर्फे’ची गरज सहसा पडत नाही. ‘पारगावच्या कारखान्यावर ऊस घातला’, असे कोणी म्हटले, की ऐकणारा समजतो, हे अवसरीकडचे पारगाव. कारण भीमाशंकर सहकारी साखर कारखाना तेथे, दत्तात्रयनगरास आहे. बाकीचे वाक्यच गावाची ओळख पटवून देते. 

इंग्रजीतील उच्चाराने सारखे व अर्थाने भिन्न अशा शब्दांची स्थिती नेमकी या पारगावांसारखी आहे. बोलताना त्यांस वाक्य वेगळे करते व लिहिताना स्पेलिंग वेगळे करते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवून आपण हे शब्द शिकवितो काय, आणि विशेषतः त्यांची परीक्षा घेतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या पुस्तिकेत रोमी लिपी छापावयाची नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांची नावे देवनागरीत दिली आहेत. शिक्षकबंधुभगिनींनी फळ्यावर ते शब्द अर्थातच रोमी लिपीत लिहावेत. देवनागरीत इंग्रजी शब्द लिहिला असता काय घोटाळा होतो, हाही या लेखाचा एक विषय असल्यामुळे ही अडचण एका परीने इष्टापत्तीच आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. इंग्रजी त्या काळी इयत्ता पाचवीपासून होते. पाचवीच्या वर्गास मी दहा शब्दांचे श्रुतलेखन घातले. मी एकेक शब्द दोनदा उच्चारीत होतो आणि मुले लिहीत होती. त्यातील एक शब्द होता ‘सन’. माझ्या मनात सूर्य होता, म्हणजे एस-यू-एन. वर्गातील एका हुशार मुलीने एस-ओ-एन असे लिहिले. मी तांबड्या पेन्सिलीने फुली मारली आणि तिला दहापैकी नऊ गुण दिले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारले, ‘गुरुजी, तुम्ही कोणता सन म्हणाला होता?’ 

मी तिला जागेवर जाऊन बसावयास सांगितले. उत्तर दिले नाही, कारण उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिच्या कानावर जो ध्वनी पडला त्याचे तिने लिहिलेले स्पेलिंग तंतोतंत बरोबर होते. चूक प्रश्नात होती आणि फुली तिच्या वहीत पडली होती. गुण एकच गेला. परंतु ती मुलगी त्यानंतर इंग्रजीच्या तासाला पूर्वीसारखा हात वर करीनाशी झाली. तो एक गुण मला आजही आठवतो.

पुढे विस्तार अधिकारी म्हणून शाळा पाहू लागलो तेव्हा हीच चूक अनेक वर्गांत आढळून आली. सन 2000 पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, त्यामुळे ती आता दहा वर्षांच्या मुलाऐवजी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वाट्यास येते. शिक्षक सुटा शब्द उच्चारतो, ‘राइट’. मूल लिहिते आर-आय-जी-एच-टी. शिक्षकास हवे असते डब्ल्यू-आर-आय-टी-ई. मूल चुकले असे शिक्षक मानतो आणि मूलही तसेच मानते. आपणास ऐकू येते त्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, गुरुजींच्या मनातले ओळखावयाचे, अशी त्याची इंग्रजीविषयी समजूत होऊन बसते. भाषा ऐकण्यापासून सुरू होते असे आपण प्रशिक्षणात शिकतो आणि वर्गात मात्र कान तयार असलेल्या मुलासच शिक्षा करतो.

म्हणून पहिली सूचना अशी की, समोच्चारी शब्दाचे श्रुतलेखन सुटे कधीही घालू नये. शब्द उच्चारावा, त्याचे छोटे वाक्य म्हणावे आणि पुन्हा शब्द उच्चारावा. ‘सन. द सन इज हॉट टुडे. सन.’ किंवा ‘सन. रामा इज माय सन. सन.’ एवढे केले तरी पुरे. यास वेळ लागतो, ही तक्रार मी ऐकली आहे. दहा शब्दांऐवजी सहा घालावेत.

आता ‘घोटाळ्याचे शब्द’ म्हणून आपण ज्यांची एकच मोळी बांधतो त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या जातींची लाकडे असतात. ती वेगळी केल्यावाचून उपाय सापडत नाही.

पहिली जात खऱ्या समोच्चारी शब्दांची. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे तेही या शब्दांचा उच्चार एकसारखाच करतात. ‘सी’ म्हणजे पाहणे आणि ‘सी’ म्हणजे समुद्र. ‘मीट’ म्हणजे भेटणे आणि ‘मीट’ म्हणजे मांस. ‘नो’ म्हणजे नाही आणि ‘नो’ म्हणजे जाणणे. ‘हिअर’ म्हणजे येथे आणि ‘हिअर’ म्हणजे ऐकणे. येथे उच्चाराचा सराव करून काही लाभ नाही, कारण उच्चारात भेदच नाही. एका शाळेत एक उत्साही शिक्षक ‘सी’ पाहणे हा शब्द आखूड व ‘सी’ समुद्र हा लांब उच्चारून मुलांकडून घोकून घेत होते. हेतू चांगला होता. परंतु जो भेद इंग्रजीत नाही तो मुलांना शिकविला जात होता. 

मुले, आणि क्वचित पालकही, विचारतात की उच्चार एकच असता स्पेलिंगे निराळी का ठेविली? याचे उत्तर शिक्षकापाशी असावे. इंग्रजी स्पेलिंग हे पुष्कळ अंशी जुन्या उच्चाराचे चित्र आहे. विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना घातला आणि त्यानंतर हळूहळू शब्दांची लिखित रूपे ठरत गेली. पंधराव्या शतकापासून पुढील दोन-अडीच शतकांत मात्र त्या भाषेच्या दीर्घ स्वरांचे उच्चार पार बदलले. भेटणे या अर्थाचा ‘मीट’ आणि मांस या अर्थाचा ‘मीट’ पूर्वी निरनिराळे उच्चारले जात. पहिल्यात दोन ई आहेत व दुसऱ्यात ई आणि ए आहेत, ते त्यामुळेच. ‘नो’, जाणणे, यातील आरंभीचा के पूर्वी तोंडात होता आणि ‘राइट’, लिहिणे, यातील आरंभीचा डब्ल्यूदेखील होता. तोंडातून अक्षर गेले, कागदावर राहिले. तर्फेची व्यवस्था गेली आणि ‘तर्फे’ हा शब्द राहिला, तसेच हे झाले.

आपल्या मराठीत याच्या उलट घडलेले एक उदाहरण आहे, आणि ते वयस्कर शिक्षकांच्या परिचयाचे असेल. जुन्या पुस्तकांत ‘नांव’ या शब्दावर अनुस्वार असे, आणि पाण्यात चालणारी ‘नाव’ बिनअनुस्वाराची असे. ‘नाम’ या संस्कृत शब्दातील म् नाकात शिरला आणि अनुस्वार होऊन उरला, असा तो वारसा होता. बोलताना तो अनुस्वार बहुतेकांच्या तोंडून केव्हाच गेला होता. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले. तेव्हापासून मनुष्याचे नाव व नदीतील नाव ही दोन्ही लिहिताना एकच झाली. कोणाचे काही अडले काय? ‘नाव काय तुझे’ असे विचारल्यावर होडी कोणाच्या मनात येत नाही. आपण ‘तर्फे’ काढून टाकले आणि वाक्यावर भरवसा ठेवला. इंग्रजांनी ते काढले नाही. कोणाचे शहाणपण अधिक, या वादात शिरण्याचे कारण नाही. मुलांना मात्र हे नावेचे उदाहरण फार लवकर पटते, कारण समोच्चारी शब्द ही इंग्रजीची काही खोडी आहे, अशी त्यांची समजूत असते ती नाहीशी होते.

दुसरी जात अधिक त्रासदायक आहे. हे शब्द इंग्रजीत समोच्चारी नाहीत. आपल्या तोंडाने, किंवा त्याहूनही आपल्या लिपीने, ते तसे केले आहेत. याचे उदाहरण पारगावच्या कारखान्याच्या रस्त्यावरच मिळते. गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या काट्यापाशी रांगेने उभ्या असतात. गाडीवान तेथे थांबतो. थांबणे म्हणजे इंग्रजीत ‘वेट’. गाडीचे वजन होते. वजन म्हणजेही ‘वेट’. पहाटेच्या दवाने पाचट ओले झालेले असते. ओले म्हणजेही ‘वेट’. आणि एखादा बैल लंगडू लागला तर जनावरांच्या डॉक्टरास बोलवावे लागते. त्यास इंग्रजीत थोडक्यात म्हणतात ‘वेट’. देवनागरीत चारही शब्द आपण अगदी एकसारखे लिहितो. 

इंग्रजीत मात्र या चौघांपैकी दोघेच जुळे भाऊ आहेत, थांबणे व वजन. पहिल्याचे स्पेलिंग डब्ल्यू-ए-आय-टी आणि दुसऱ्याचे डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी, उच्चार एकच. ओले या अर्थाचा शब्द डब्ल्यू-ई-टी. त्यातील ए हा ऱ्हस्व आहे. आपल्या व्याकरणात ए हा स्वर दीर्घच मानिला आहे आणि ऱ्हस्व ए साठी देवनागरीत चिन्ह नाही. कानडीत ऱ्हस्व ए व दीर्घ ए यांस निराळी अक्षरे आहेत, त्यामुळे सोलापूर-सांगलीच्या सीमेवरील मुलांस हा भेद चटकन कळावा. आपणास तो मुद्दाम शिकावा लागतो. जनावरांच्या डॉक्टरातही हाच ऱ्हस्व ए आहे, परंतु त्याचा आरंभ व्ही ने होतो. डब्ल्यू म्हणताना दोन्ही ओठांचा चंबू करावा आणि दात ओठांस लागू देऊ नयेत. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवावेत. मराठीतील ‘व’ या दोहोंच्या मधोमध कोठेतरी आहे, म्हणून आपली मुले दोहोंसाठी तोच वापरतात. मुलांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावयास सांगावे. त्यांस मौज वाटते आणि दातांचा नियम आपोआप लक्षात राहतो.

‘वेट’प्रमाणेच ‘सेल’ घ्या. विकणे, विक्री, जहाजाचे शीड आणि विजेरीत घालावयाचा घट, अशा चार शब्दांना देवनागरीत ‘सेल’ एकच. यातील विकणे व घट हे एकमेकांशी समोच्चारी आहेत, कारण दोहोंत ऱ्हस्व ए आहे. आणि विक्री व शीड हे एकमेकांशी समोच्चारी आहेत, कारण दोहोंत लांब ए आहे. ‘गेट’ म्हणजे मिळविणे हा ऱ्हस्व, फाटक हा लांब. ‘लेट’ म्हणजे करू देणे हा ऱ्हस्व, उशिरा हा लांब. ‘पेपर’ म्हणजे कागद, आणि मिरी हा शब्द ऱ्हस्व ए चा. एकदा ही किल्ली सापडली, की शेकडो शब्दांचे कुलूप निघते. प्रत्येक जोडी स्वतंत्र पाठ करण्याची आवश्यकता राहत नाही. 

‘इ’ व ‘ई’ यांचेही तसेच. ‘शिप’ म्हणजे जहाज व ‘शीप’ म्हणजे मेंढी. देवनागरीत हा भेद लिहिता येतो. परंतु बोलताना आपण मराठीतील ‘दिन’ व ‘दीन’ या शब्दांतदेखील तो पुरता पाळीत नाही, मग इंग्रजीत कोठून पाळणार? आमच्या भागातील मुलांनी जहाज पाहिलेले नसते. मेंढ्यांचे कळप मात्र ती दरवर्षी पाहतात. म्हणून आरंभ मेंढीपासून करावा आणि तिचा ‘ई’ मेंढपाळाच्या हाकेसारखा लांबवून घ्यावा. जहाज मागाहून आणावे.

येथे बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. त्यांत प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर देवनागरीत उच्चार छापलेला असतो. अडल्या शिक्षकास त्याचा आधार वाटतो, हे मी जाणतो. मीही अशाच पुस्तकांवर वाढलो. पण मुलाने इंग्रजी शब्द देवनागरी उच्चारावरून पाठ केला, की वरील चारही ‘वेट’ त्याच्या डोक्यात एकाच खुंटीवर टांगले जातात आणि पुढे ते सोडविता सोडविता हायस्कुलातील शिक्षकाची दमछाक होते. उच्चार कानाने द्यावा. स्वतःच्या उच्चाराविषयी शिक्षकास शंका असेल तर आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर शब्दकोशाचा उच्चार ऐकता येतो. तो वर्गातही सर्वांस ऐकवावा. त्यात कमीपणा नाही.

तिसऱ्या जातीकडे कोणाचे सहसा लक्ष जात नाही, आणि पहिली-दुसरीच्या वर्गात तीच सर्वांत अधिक उपद्रव देते. हे आहेत मराठी शब्दाशी समोच्चारी असलेले इंग्रजी शब्द. 

एका शाळेत दुसरीच्या वर्गात मी मागे बसलो होतो. चित्रे दाखवून ‘हा कोण, ही कोण’ असा पाठ चालला होता. एक चुणचुणीत मुलगी उठली आणि आईच्या चित्राकडे बोट करून म्हणाली, ‘ही इज माय मदर.’ शिक्षिकाबाईंनी दुरुस्ती केली, ‘शी इज माय मदर.’ त्याबरोबर सारा वर्ग खो खो हसू लागला. बाई रागावल्या, मुलगी खाली बसली, आणि तासाचा रंग गेला. तास संपल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘साहेब, इतके सांगूनही यांना स्त्रीलिंग-पुल्लिंग कळत नाही.’ 

मी त्यांस म्हटले, ‘बाई, त्या मुलीला लिंग नीट कळते, म्हणूनच ती चुकली.’ मराठीत ‘ही’ म्हणजे जवळची स्त्री. चित्रात आई होती, म्हणून ती ‘ही’ म्हणाली. इंग्रजीतील ‘ही’ पुरुषाचा, हे तिच्या कानास अजून पटलेले नव्हते. आणि ‘शी’ हा शब्द घरात कोणत्या अर्थाने वापरतात ते सर्व मुलांस ठाऊक असते. आईच्या चित्राकडे पाहून कोणी ‘शी’ म्हणावे याचे त्यांस हसू आले, यात त्यांचा दोष काय? आपण मात्र वर्गात सुरात घोकून घेतो, ‘ही म्हणजे तो, शी म्हणजे ती’. ‘ही म्हणजे तो’! हे वाक्य एखाद्या मराठी मनुष्याच्या कानाने एकदा ऐकून पाहावे.

‘मी’ या शब्दाचे असेच आहे. मराठीत ‘मी’ कर्ता असतो, ‘मी जातो’. इंग्रजीतील ‘मी’ म्हणजे मला. मूल ‘मी गो’ म्हणते तेव्हा ते व्याकरण विसरलेले नसते. स्वतःचेच व्याकरण पाळीत असते. त्यात भर म्हणजे इंग्रजीतील ‘आय’ हा आपल्याकडे अनेक घरांत आईचा उच्चार आहे, आणि ‘माय’ म्हणजेही आईच. ‘वन’ म्हटले की जंगल, ‘सन’ म्हटले की साल, ‘बस’ म्हटले की खाली बसावयाचे. पहिलीच्या एका वर्गात शिक्षकांनी बसचे चित्र दाखवून मोठ्याने ‘बस’ म्हटले, तेव्हा उभा असलेला मुलगा आज्ञाधारकपणे खाली बसला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. 

या शब्दांना उपाय एकच, मराठी प्रतिशब्द मध्ये न आणणे. वर्गातील मुलास पुढे बोलवावे, त्याच्याकडे हात करून ‘ही इज तुकाराम, ही इज ए बॉय’ असे म्हणावे. नंतर दुसरा मुलगा, नंतर वडिलांचे चित्र, नंतर गाडीवानाचे चित्र. चार-सहा दिवस फक्त पुरुषच आणावेत. ‘ही’ हा शब्द पुरुषाच्या अंगवळणी पडला, म्हणजे मग ‘शी’ आणावा. पहिल्या दिवशी मुले हसतील. त्यांना हसू द्यावे. ‘मराठीत याचा अर्थ निराळा आहे, इंग्रजीत हा आदराने वापरण्याजोगा साधा शब्द आहे’, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ‘मी’ व ‘आय’ ही जोडी एकाच आठवड्यात देऊ नये. ‘गिव्ह मी’, ‘शो मी’, ‘टेल मी’ अशा आज्ञांतून ‘मी’ यावा, म्हणजे तो ‘मला’ या जागी आपोआप बसतो.

हेच पथ्य पहिल्या जातीच्या शब्दांसही लागू आहे. समोच्चारी शब्दांची जोडी एकत्र शिकविण्याकडे आपला ओढा असतो, कारण फळ्यावर दोन रकाने फार शोभून दिसतात. पण ज्या मुलास अजून एकही शब्द पक्का ठाऊक नाही, त्यास दोन्ही एकदम दिले म्हणजे कोणते स्पेलिंग कोणाचे ही शंका आपणच त्याच्या मनात पेरतो. ‘हिअर’, येथे, हा शब्द वर्गात रोज लागतो, ‘कम हिअर’. तो पक्का होऊ द्यावा. ऐकण्याचा ‘हिअर’ महिन्या-दोन महिन्यांनी आणावा. दोघांची गाठ घालून द्यावयाची ती मागाहून, दोघेही स्वतंत्रपणे ओळखीचे झाल्यावर. 

ही गाठ घालताना स्पेलिंगच्या पोटातील नातेवाईक शोधावेत. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये ई-ए-आर, म्हणजे कान, बसलेला आहे. येथे या अर्थाचा ‘हिअर’ हा तेथे व कोठे या अर्थाच्या ‘देअर’ व ‘व्हेअर’ या शब्दांच्या पोटात जसाच्या तसा सापडतो. ही तिन्ही स्थळांची नावे झाली. मांसाच्या ‘मीट’मध्ये ई-ए-टी, म्हणजे खाणे, आहे. सूर्याचा ‘सन’ रविवारच्या नावात आहे. जाणण्याच्या ‘नो’चा के ज्ञानाच्या ‘नॉलेज’मध्ये आहे. दोन या अर्थाच्या ‘टू’मध्ये डब्ल्यू कशाला, असे मुले विचारतात. तो त्या शब्दात मुका झाला असला तरी ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेन्टी’ आणि जुळे या अर्थाचा ‘ट्विन’ या त्याच्या भावंडांत अद्याप स्पष्ट ऐकू येतो. त्यांचा या अर्थाच्या ‘देअर’मध्ये एच-ई-आय-आर, म्हणजे वारस, हा शब्द लपलेला आहे. सातबाराच्या उताऱ्यावर वारसाची नोंद लागल्यावाचून जमीन ‘त्यांची’ होत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही. अर्थात ही लक्षात ठेवण्याची युक्ती आहे, व्युत्पत्ती नव्हे; वरिष्ठ वर्गात तसे स्पष्ट सांगावे.

किती जोड्या शिकवाव्यात? काही पुस्तकांत शे-दोनशे जोड्यांच्या याद्या असतात आणि त्यांत सरदार व रात्र हे दोन ‘नाइट’ मोठ्या हौसेने दिलेले असतात. चिलखत घातलेला सरदार आमच्या मुलांस कोठे भेटणार आहे? प्राथमिक शाळेपुरते दोन-तीन-चारचे मिळून पंधरा-सोळा संच पुरेत: वर आलेले, आणि त्यांखेरीज विकत घेणे व जवळ हे ‘बाय’, आठवडा व अशक्त हे ‘वीक’, आमचे व तास हे ‘अवर’, पीठ व फूल हे ‘फ्लावर’, एक व जिंकला हे ‘वन’. वरच्या वर्गात धनादेश व तपासणे हे ‘चेक’ घ्यावेत, कारण त्यांची गरज पुढे बँकेत पडते.

आणि एक जोडी आमच्या तालुक्यातील मुलांस अवश्य द्यावी. नारायणगावजवळ खोडद येथे जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे तिच्या 30 तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. तिच्या इंग्रजी नावात ‘मीटर’ हा शब्द आहे. त्याचे स्पेलिंग एम-ई-टी-आर-ई, कारण ते लांबीचे माप आहे. सुमारे मीटरभर लांबीच्या लहरी ती टिपते म्हणून ते नाव. विहिरीवरील पंपाच्या खोलीत जे ‘मीटर’ बसविलेले असते त्याचे स्पेलिंग एम-ई-टी-ई-आर, कारण ते मोजण्याचे यंत्र आहे. शाळेची सहल खोडदला गेली तर तेथील नामफलकापाशी मुलांस दोन मिनिटे उभे करून तो शब्द वाचावयास सांगावे आणि घरी गेल्यावर विजेच्या बिलावरचा शब्द पाहून यावयास सांगावे.

गुणदानाविषयी एक विनंती आहे. यापूर्वी सुटे शब्द सांगून घेतलेल्या श्रुतलेखनाच्या वह्या शिक्षकांनी एकदा पुन्हा चाळाव्यात. जेथे मुलाने समोच्चारी शब्दांपैकी दुसऱ्या शब्दाचे स्पेलिंग अचूक लिहिले असेल तेथील फुली काढून बरोबरची खूण करावी, आणि मुलास बोलावून ती का केली हे सांगावे. पुढील केंद्र शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील अशा पाच चुका, मुलांची नावे वगळून, एका कागदावर उतरवून आणाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती वरील तीन जातींपैकी कोणत्या जातीची वाटते ते लिहावे. मराठी शब्दाशी समोच्चारी असलेल्या इंग्रजी शब्दांची भर जितकी पडेल तितकी हवी आहे. मला आतापर्यंत अशी एकवीस उदाहरणे मिळाली आहेत, आणि त्यांतील बहुतेक मुलांनीच दाखवून दिली आहेत.